बिबट्याचे छायाचित्र : पुरावा की करमणूक?

बिबट्या हा प्राणी अहिल्यानगर जिल्ह्याला नवा नाही. नवे आहे ते त्याचे छायाचित्र. अकोले, संगमनेर, राहुरी या तालुक्यांत "रात्री कुत्रे नेले" एवढ्या एका वाक्यात ज्याची नोंद संपत असे, तो आता बंगल्याच्या दारावर बसवलेल्या कॅमेऱ्यात कुंपण ओलांडताना दिसतो आणि सकाळचा पहिला चहा होण्यापूर्वी ते दृश्य तालुकाभर फिरलेले असते. पूर्वी ज्या वार्तेला दुसऱ्या गावी पोहोचायला आठवड्याचा बाजार लागत असे, तिला आता क्षणही पुरतो. परंतु वार्तेचा वेग वाढला म्हणजे तिचे मोलही वाढले असे होत नाही. किंबहुना आज आपल्यासमोर प्रश्न आहे तो हाच की, इतकी छायाचित्रे हाताशी असताना बिबट्याविषयीचे आपले ज्ञान वाढत आहे, की केवळ भीती वाढत आहे?

हा प्रश्न हौशी छायाचित्रकारांपुरता मर्यादित नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ तीन बळी गेले. त्यांत दोन मुले होती. नोव्हेंबरच्या प्रारंभी तेथे एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. त्याच महिन्यात आपल्या जिल्ह्यात नगर तालुक्यातील खारेकर्जुने येथे पाच वर्षांची मुलगी दगावली, कोपरगाव तालुक्यातही माणसे मेली. पिंजरे, नसबंदी, स्थलांतर, गोळी या सर्व उपायांची चर्चा राज्यभर झाली. या साऱ्या चर्चेत एक साधा प्रश्न मागे पडला : आपण ज्याच्यावर उपाय करायला निघालो आहोत, ते बिबटे किती, कोणते आणि कोठे आहेत? या प्रश्नाचे उत्तर देण्याची ताकद ज्या साधनात आहे, ते साधन म्हणजे छायाचित्रच. आणि हे उत्तर धूसर करण्याची ताकदही त्याच साधनात आहे.

छायाचित्र मोजते तेव्हा

रानटी श्वापदाने स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढावे ही युक्ती शतकाहून जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज शिरस याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारेला पाय लागताच उजेड पडून छायाचित्र उमटेल अशी योजना केली. भारतात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात शिवालिकच्या जंगलात हाच मार्ग अवलंबून वाघाची छायाचित्रे मिळवली आणि १९२७ मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. बंदूक हाती धरण्याच्या त्या काळात कॅमेरा हाती धरणारा हा माणूस बऱ्याच जणांना विक्षिप्त वाटला असेल. पण या युक्तीला शास्त्राचे स्वरूप आले ते पुढे. वाघाचे पट्टे आणि बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची वलये माणसाच्या बोटांच्या ठशांसारखी असतात. दोन जनावरांची सारखी नसतात. कर्नाटकातील नागरहोळे येथे डॉ. उल्हास कारंथ यांनी १९९० च्या दशकात याच गुणाचा उपयोग करून वाघांची गणना केली आणि पाऊलखुणांवर विसंबणाऱ्या जुन्या पद्धतीच्या मर्यादा उघड झाल्या. राजस्थानातील सरिस्का येथे वाघच उरलेले नाहीत हे २००५ मध्ये लक्षात आल्यावर देशाने ती जुनी पद्धत सोडली.

या गणनेमागील तर्क कोणाही विद्यार्थ्याला समजेल इतका सोपा आहे. समजा, पहिल्या फेरीत कॅमेऱ्यांनी बारा वेगवेगळे बिबटे टिपले. दुसऱ्या फेरीत दहा टिपले आणि त्यांपैकी सहा पहिल्या फेरीतलेच निघाले. म्हणजे दुसऱ्या फेरीतील दहांत ओळखीचे सहा. तर एकंदर समूहात ओळखीच्या बारांचे प्रमाणही साधारण तितकेच असले पाहिजे. बारा गुणिले दहा भागिले सहा, म्हणजे त्या टापूत सुमारे वीस बिबटे आहेत. प्रत्यक्षातील गणित याहून गुंतागुंतीचे असते, पण त्याचा गाभा हाच. जे दिसले त्यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधणे हे सांख्यिकीचे कामच आहे. त्यासाठी अट एकच असते : छायाचित्र कधी, कोठे आणि कोणत्या बाजूने घेतले याची काटेकोर नोंद हवी. कारण बिबट्याच्या डाव्या कुशीवरील ठिपके उजव्या कुशीशी जुळत नाहीत. म्हणून शास्त्रीय पाहणीत वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात.

या पद्धतीचे जगभर उल्लेखिले जाणारे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले आहे आणि जिल्ह्यालाच त्याची पुरेशी जाण नाही, ही खेदाची गोष्ट होय. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ च्या अखेरीस अकोले तालुक्यातील १७९ चौरस किलोमीटरच्या खोऱ्यात ट्रॅप कॅमेरे लावले. हा प्रदेश अभयारण्य नव्हता. तेथे ऊस, भाजीपाला, वस्त्या आणि रस्ते होते. लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीचा निष्कर्ष असा की, तेथे दर शंभर चौरस किलोमीटरमागे ४.८ प्रौढ बिबटे आणि जवळपास तेवढेच तरस राहत होते. बछड्यांसह फिरणाऱ्या माद्याही कॅमेऱ्यात आल्या. म्हणजे हे वाट चुकून आलेले पाहुणे नव्हते, येथेच जन्मलेले व वाढलेले रहिवासी होते. आणि एवढे सारे असूनही त्या खोऱ्यात माणसांवरील हल्ले विरळ होते.

याच भागात विष्ठेची तपासणी करून बिबट्याचे खाद्य शोधण्यात आले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार भक्ष्याच्या वजनापैकी ८७ टक्के भाग पाळीव व वस्तीतील प्राण्यांचा होता. त्यात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, मांजरांचा १५ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा केवळ ११ टक्के! बिबटे वस्तीत येऊ नयेत म्हणून जंगलात शेळ्या सोडण्याची जी कल्पना वनमंत्र्यांनी २०२५ च्या डिसेंबरमध्ये मांडली, ती या आकड्यांच्या कसोटीवर तपासून पाहण्याजोगी आहे. जो बिबट्या उसात जन्मला, उकिरड्यावरच्या कुत्र्यावर पोसला आणि ज्याने जंगल पाहिलेलेच नाही, त्याला जंगलातल्या शेळीचे निमंत्रण पोहोचणार कसे?

छायाचित्र भिववते तेव्हा

आता दुसऱ्या प्रकारच्या छायाचित्राकडे वळू. येथे कॅमेरा तोच, जनावरही तेच. परंतु नोंद नाही, तारीख नाही, कधी कधी गावही नाही. नगरच्या उपनगरात फिरणारे दृश्य संगमनेरचे आहे की नाशिकचे, कालचे आहे की तीन वर्षांपूर्वीचे, हे पाहणाऱ्याला कळत नाही आणि पाठवणाऱ्याला त्याची फिकीर नसते. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. २०२५ च्या अखेरीस पुण्यासारख्या शहरात बिबट्याची बनावट चित्रे इतकी पसरली की, ती पसरवणाऱ्यांना कारवाईचा इशारा देण्याची वेळ वनखात्यावर आली. ज्या खात्याने त्या रात्री खऱ्या बिबट्याच्या मागावर असायला हवे, ते खोट्या बिबट्याच्या मागे धावत होते.

या छायाचित्रांतून पहिला भ्रम निर्माण होतो तो संख्येचा. एक बिबट्या एका रात्रीत काही किलोमीटर सहज चालतो. वाटेत दहा बंगल्यांवर कॅमेरे असतील तर दहा दृश्ये तयार होतात आणि सकाळी दहा बिबट्यांची बातमी होते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत अशा कॅमेऱ्यांच्या किमती उतरल्या, घराघरांवर ते बसले आणि प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनीच्या रूपाने एक कॅमेरा आला. तेव्हा छायाचित्रांची संख्या वाढली यावरून बिबट्यांची संख्या तेवढ्याच पटीने वाढली असे म्हणणे म्हणजे तापमापकांची विक्री वाढली म्हणून तापाची साथ आली असे म्हणण्यासारखे आहे. बिबटे वाढले नाहीत असा याचा अर्थ नव्हे. ते वाढलेही असतील. केंद्र सरकारने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात महाराष्ट्रातील बिबट्यांचा अंदाज २०१८ साली १,६९० होता तो २०२२ मध्ये १,९८५ झाल्याचे म्हटले आहे. परंतु ही गणना मुख्यतः वनप्रदेशातील आहे. उसातला बिबट्या तिच्यात मोजलेलाच नाही. ज्याच्यावरून सारा कलह चालला आहे, तोच शिरगणतीतून सुटला आहे.

दुसरा भ्रम अंतराचा आहे. वस्तीत बिबट्या दिसला म्हणजे तो प्रथमच आला, असे आपण गृहीत धरतो. गळ्यात यंत्र बांधून बिबट्यांच्या हालचाली टिपणाऱ्या अभ्यासात, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, असे आढळले की हे प्राणी रात्री घरांच्या अगदी जवळून, अनेकदा पंचवीस मीटरांच्या आतून जातात आणि दिवसा दूर राहतात. म्हणजे तो येतच होता. आपण झोपलेले होतो. छायाचित्राने फक्त आपली झोप मोडली. झोप मोडणे हितकारक ठरू शकते, पण जागा झालेला माणूस पुढे काय करतो यावर ते अवलंबून आहे.

पिंजऱ्याचे अर्थशास्त्र

बहुधा तो पिंजऱ्याची मागणी करतो. दृश्य फिरते, लोक जमतात, लोकप्रतिनिधींना दूरध्वनी जातात आणि वनखाते पिंजरा लावते. पिंजऱ्यात सापडतो तो त्या रात्री त्या वाटेने गेलेला बिबट्या. तोच चित्रातला किंवा हल्ला करणारा होता, याची खात्री ठिपके जुळवून पाहिल्याशिवाय देता येत नाही. मग प्रश्न उभा राहतो त्याला सोडायचे कोठे? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शेजारच्या जुन्नर वनविभागाने २००१ ते २००३ या काळात देऊन पाहिले. उसातून पकडलेले बिबटे दूर जंगलात सोडण्यात आले. डॉ. अत्रेय व सहकाऱ्यांनी नंतर केलेल्या विश्लेषणात दिसून आले की, १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी चार असलेले माणसांवरील हल्ले या मोहिमेच्या काळात वर्षाला सतरांवर गेले. हे हल्ले बिबटे सोडलेल्या ठिकाणांच्या आसपास एकवटले होते आणि त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर पोहोचले. अनोळखी मुलखात टाकलेले, पिंजऱ्यात बिथरलेले जनावर अधिक धोकादायक ठरले. एका गावाने आपली भीती दुसऱ्या गावाच्या दारात नेऊन ठेवली, एवढेच त्या उपायाचे फलित.

स्थलांतरित बिबट्या काय करतो याचा एक विलक्षण दाखलाही आपल्याच जिल्ह्यातला आहे. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे २००९ साली विहिरीत पडलेला एक वयस्क नर बाहेर काढून, गळ्यात यंत्र बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. महामार्ग, लोहमार्ग, गावे आणि खाडी ओलांडून सुमारे एकशे वीस किलोमीटर चालत तो महिन्याभरात मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत त्याने कोणाही माणसाला इजा केली नाही. अभ्यासकांनी त्याला 'आजोबा' हे नाव दिले होते आणि २०१४ मध्ये त्याच नावाचा मराठी चित्रपटही आला. तोपर्यंत तो जिवंत नव्हता. २०११ च्या डिसेंबरमध्ये वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला होता. जनावर उचलून नेल्याने ते तेथेच राहते, ही आपली समजूत किती भाबडी आहे हे त्याच्या पायांनी सिद्ध केले.

अर्थशास्त्रात एक मूलभूत विचार आहे. एखाद्या व्यवहाराचा लाभ एकाला मिळतो आणि खर्च मात्र व्यवहाराबाहेरच्या तिसऱ्याच माणसाला सोसावा लागतो, तेव्हा तो व्यवहार समाजाच्या दृष्टीने मर्यादेबाहेर वाढतो. कारखान्याचा धूर हे त्याचे पाठ्यपुस्तकातले उदाहरण. खळबळजनक छायाचित्राचे स्वरूप नेमके असेच आहे. ते पसरवणाऱ्याला नाव मिळते, प्रेक्षक मिळतात, कधी पैसाही मिळतो. त्यातून उद्भवणाऱ्या घबराटीचा, चुकीच्या जागी लागलेल्या पिंजऱ्याचा, गर्दीत बिथरलेल्या जनावराच्या पंजाने जखमी झालेल्या वनरक्षकाचा खर्च त्याच्या हिशेबात कोठेच येत नाही. याउलट, तारीख-वार-जागेसह वनखात्याकडे मुकाट्याने दिलेल्या छायाचित्राचा लाभ साऱ्या तालुक्याला होतो, आणि देणाऱ्याला मिळत नाही काहीच. म्हणून पहिल्या प्रकारची छायाचित्रे उदंड आणि दुसऱ्या प्रकारची दुर्मीळ. हा दोष माणसांच्या स्वभावाचा कमी आणि व्यवस्थेचा अधिक आहे. आणि व्यवस्था बदलता येते.

ज्याच्या दारी कॅमेरा नाही

या प्रश्नाची सर्वांत गंभीर बाजू मात्र याहूनही वेगळी आहे. छायाचित्र तेथेच निघते, जेथे कॅमेरा असतो. आणि कॅमेरा तेथे असतो, जेथे पैसा असतो. उपनगरातील बंगला, पेट्रोल पंप, कारखान्याचे फाटक, बागायतदाराचा वाडा यांच्यावर कॅमेरे आहेत. ऊसतोडणी कामगाराच्या कोपीवर कॅमेरा नाही. तिला दारच नाही. आपल्या जिल्ह्याचे चित्रच असे दुभंगलेले आहे. उत्तरेला भंडारदरा आणि मुळा या धरणांच्या कालव्यांनी समृद्ध झालेले ऊसक्षेत्र. दक्षिणेला व पूर्वेला पाथर्डी, शेवगाव, जामखेड यांसारखे अवर्षणप्रवण तालुके. मुकादमाकडून उचल घेऊन या तालुक्यांतली आणि बीड जिल्ह्यातली कुटुंबे हंगामात ऊस तोडायला निघतात. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये सहकारी साखर कारखानदारीची जी पहाट झाली, तिचा प्रकाश या कोपीपर्यंत पुरतेपणी पोहोचला नाही, हे आपण मान्य केले पाहिजे.

ऊस तोडला जाऊ लागला की बिबट्याचे छप्पर रोज थोडेथोडे उडत जाते. ज्या फडात मादीने पिले ठेवली, त्याच फडावर पहाटे कोयते चालतात. आणि त्याच फडाच्या कडेला, उघड्यावर, तोडणाऱ्याचे मूल झोपलेले असते. वाकून काम करणारी स्त्री, अंधारात परसाकडे गेलेले पोर, रात्री पाणी भरायला गेलेला शेतकरी यांना धोका सर्वाधिक. पण यांच्यापैकी कोणाजवळही आपला धोका दाखवणारे दृश्य नसते. परिणामी पिंजरा, गस्त आणि दिवे यांची मागणी जेथून मोठ्या आवाजात येते, तिकडे ती वळण्याचा धोका राहतो. बाजारात गरजेला किंमत नसते, क्रयशक्ती असलेल्या मागणीला असते, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. भीतीच्या बाजारातही हाच नियम चालू द्यायचा काय?

मृत्यूनंतर सरकार वारसांना पंचवीस लाख रुपये देते. ही रक्कम योग्यच आहे, तिच्याविषयी कोणी कुरकुर करू नये. परंतु मूल गेल्यावर मिळणाऱ्या रकमेचा एक लहानसा अंश मूल जिवंत असताना कोपीला पत्र्याचे दार, फडाजवळ एक दिवा आणि एक शौचालय यांवर खर्च होणार असेल, तर तो खर्च अधिक शहाणपणाचा नव्हे काय? ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी स्थापन झालेल्या गोपीनाथ मुंडे महामंडळासाठी कारखान्यांकडून प्रतिटन दहा रुपये घेण्याची तरतूद आहे. या निधीचा पहिला हक्क सुरक्षित निवाऱ्याचा आहे.

दोन्ही टोके टाळून

येथे ग्रामीण वाचकाच्या मनात एक रास्त आक्षेप येईल. शहरातील माणूस बिबट्याच्या देखण्या छायाचित्रावर लुब्ध होतो आणि सहजीवनाचा उपदेश आम्हाला करतो, असे तो म्हणेल. या आक्षेपात तथ्य आहे. मुंबईच्या आरे वसाहतीतील अरुंद गल्लीतून जाणाऱ्या बिबट्याचे नयन खानोलकर यांनी टिपलेले छायाचित्र २०१६ मध्ये जागतिक पुरस्काराचे मानकरी ठरले. ते छायाचित्र मोलाचे आहे, कारण माणसाच्या भिंतीला लागून श्वापद कसे निमूटपणे वावरते ते त्यातून दिसते. तथापि चित्रातले सौंदर्य पाहणाऱ्याला लाभते आणि गल्लीतली रात्र तेथे राहणाऱ्याला काढावी लागते, हेही विसरून चालणार नाही. सहजीवन म्हणजे धोका नाकारणे नव्हे. अकोल्यातील महादेव कोळी समाज वाघबारस पाळतो, वाघोबाला नैवेद्य दाखवतो. पण रात्री शेळ्या आत बांधायला विसरत नाही. भय आणि आदर यांची ही सांगड पुस्तकी प्राणिप्रेमापेक्षा आणि पिंजऱ्याच्या घोषणेपेक्षा अधिक व्यवहारी आहे.

दुसऱ्या टोकाला "सारे बिबटे संपवा" ही भाषा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बिबट्या आहे. मानवी जीवाला धोकादायक ठरलेल्या विशिष्ट जनावराला पकडण्याची, बेशुद्ध करण्याची किंवा तेही अशक्य असल्यास मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक कलम ११ अन्वये देऊ शकतात. कायद्याचा भर 'विशिष्ट' या शब्दावर आहे. हल्लेखोर जनावर खरोखरच माणसांना घातक झाले असेल तर त्याला दूर करण्यात कुचराई नको. पण ते कोणते हे ओळखायचे कशाने? ठिपक्यांच्या छायाचित्राने. म्हणजे कठोर उपायाचा पुरस्कार करणाऱ्यालाही प्रथम चांगल्या छायाचित्राचीच गरज आहे. ओळख न पटवता झाडलेली गोळी एक निरपराध जनावर मारते आणि खरा धोका मोकळा ठेवते; गाव मात्र त्या रात्री निर्धास्त झोपते. यापेक्षा घातक निर्धास्तपणा दुसरा कोणता?

काय करता येईल

पहिली गोष्ट, जिल्ह्याची एक छायाचित्र-नोंदवही असावी. खासगी कॅमेऱ्यात बिबट्या दिसला तर ते दृश्य तारीख, वेळ आणि जागा यांसह वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे द्यावे. तेथे ठिपके पडताळून जनावराला क्रमांक द्यावा. या कामी जिल्ह्यातील महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र व संख्याशास्त्र विभाग आणि राहुरीचे कृषी विद्यापीठ यांचे साहाय्य घेता येईल. विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी याहून जिवंत विषय कोणता मिळणार? महिन्याकाठी तालुकावार आकडे प्रसिद्ध करावेत. २००८ मधील अकोल्याचा आकडा आजचे धोरण ठरवायला पुरेसा नाही. दर काही वर्षांनी ऊसक्षेत्रात तशीच पाहणी झाली पाहिजे.

दुसरी गोष्ट, छायाचित्र काढण्याची शिस्त. प्रखर दिवे टाकून मोटारीने पाठलाग करणे, विहिरीत पडलेल्या जनावराभोवती गर्दी करणे, चित्रासाठी आमिष बांधणे हे प्रकार छंदाच्या नावाखाली चालू देता कामा नयेत. कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत जनावराला हुसकणे व आमिष दाखवणे यांचाही समावेश आहे, हे किती हौशी मंडळींना ठाऊक असेल? बचावकार्याच्या वेळी जमावबंदीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ हाताशी आहे, आणि खोटी वार्ता पसरवून घबराट माजवणाऱ्यांसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५३ आहे. नवे कायदे नकोत, आहेत ते वापरावेत. त्याचबरोबर एखादे दृश्य खरे की खोटे याचा निर्वाळा वनखात्याने त्याच दिवशी द्यावा. अधिकृत वार्ता उशिरा आली की अफवा तिची जागा घेते. रिकामी जागा फार वेळ रिकामी राहत नाही.

तिसरी गोष्ट, सरकारी कॅमेरे जेथे खासगी कॅमेरे नाहीत तेथे लागावेत : कोप्यांच्या तळांजवळ, आश्रमशाळांच्या वाटांवर, वस्तीवरच्या रस्त्यांवर. ऊसतोडीत सापडलेली पिले पेटीत ठेवून, जवळ कॅमेरा लावून, रात्री त्यांची आई त्यांना घेऊन जाते की नाही हे पाहण्याची पद्धत जुन्नर व आपल्या जिल्ह्यात रुळली आहे. पिले परत मिळालेली मादी शांतपणे निघून जाते आणि तिचा संताप फडावर उतरत नाही. कॅमेऱ्याचा याहून लोकोपयोगी वापर क्वचितच असेल; आणि असे दृश्य मात्र जितके पसरेल तितके हवे.

चौथी गोष्ट कॅमेऱ्याच्या पलीकडची आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १२.७६ लाख मोकाट कुत्री नोंदली गेली. उपनगराच्या कडेला कोंबडीच्या दुकानांचा कचरा पडतो, त्यावर कुत्री पोसतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. ज्या नगरपालिकेला कचरा उचलता येत नाही, तिने बिबट्या उचलण्याची मागणी करणे विसंगत आहे. तसेच शेतीची वीज रात्री मिळते म्हणून शेतकऱ्याला रात्री फडात जावे लागते. दिवसा वीज देण्याच्या सौर योजनेचा प्रारंभी प्रयोग २०१७-१८ च्या सुमारास झाला तो याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला. ती योजना वेगाने पुरी करणे हाही बिबट्यापासून संरक्षणाचाच एक कार्यक्रम आहे, जरी त्याचे छायाचित्र कोणी काढणार नसले तरी.

शेवटी हा प्रश्न बिबट्याचा कमी आणि आपल्या सार्वजनिक विवेकाचा अधिक आहे. दुष्काळात टँकरचे, पुरात पुलाचे, अपघातात रक्ताचे दृश्य आपण डोळे भरून पाहतो आणि पुढचे दृश्य आले की आधीचे विसरतो. पाहणे आणि जाणणे यांतील हे अंतर शिक्षकांनी, कारकुनांनी, विद्यार्थ्यांनी, म्हणजे नोंद ठेवण्याचे काम ज्यांच्या अंगवळणी पडले आहे अशांनीच कमी करायचे आहे. पुढच्या वेळी बिबट्याचे दृश्य हाती आले, तर ते पुढे ढकलण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : हे कोठले, कधीचे, आणि हे प्रथम कोणाला कळायला हवे? उत्तर मिळाले तर ते छायाचित्र वनखात्याकडे जावे. उत्तर मिळाले नाही, तर ते आपल्याच हाती थांबावे. उसाच्या फडाकडेला निजलेल्या मुलाला आपल्या कुतूहलाचा काडीचा उपयोग नाही. आपण ठेवलेल्या अचूक नोंदीचा मात्र आहे.